हात काढ तोंडावरून

११ फेब्रुवारी, रविवार

प्रिय बारके,

तुझं पत्र मिळून बरेच दिवस झाले. ‘उत्तर द्यायचं टाळत नव्हते’ असं लिहिलं होतं, पण ते वाचून तू हसशील म्हणून खोडलं. टाळतच होते. फोन करावा तर आपण दोघी तिसऱ्या वाक्याला भांडायला लागतो. पत्रात निदान कुणाला मधे तोडता येत नाही.

आधी तू विचारलंस त्याचं. आई बरी आहे. जेवते, झोपते, गोळ्या घेते. दिवसा तिच्याजवळ बसायला बाई येतात, त्या मायाळू आहेत. तेव्हा तिला तुझ्याकडे पाठवायचा प्रश्न येत नाही. या वयात माणसाला एका गावातून उपटून दुसऱ्या गावात लावायचं म्हणजे काय ती कुंडी आहे? तिथली हवा वेगळी, ओळखीचं कुणी नाही, तू दिवसभर कामावर. तिला मानवणार नाही. डॉक्टर म्हणून नाही सांगत, तिच्याबरोबर राहते म्हणून सांगते.

मागच्या खेपेला निघताना तू दारात उभी राहून म्हणालीस, “ताई, तू तिला सांभाळत नाहीस, नुसती ठेवून घेतलीयेस.” त्यानंतर मी तुला स्टेशनवर पोचवायला आले नाही. त्याबद्दल मला अजून तरी काही म्हणायचं नाही.

माझं विचारशील तर दमलेय. या वयात हे चालायचंच असं मी रुग्णांना सांगते, तेच स्वतःला सांगते. त्यात एक नवीन लचांड गळ्यात आलंय. वरून आदेश आलाय की डॉक्टर होणाऱ्या पोरांना नुसते रोग ओळखायला शिकवून भागणार नाही, रुग्णाची बाजू घ्यायलाही शिकवा. अधिष्ठात्यांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “बाई, हा तास तुम्हीच घ्या, तुम्हाला माणसांची आवड आहे.” जिला नाही म्हणता येत नाही तिला आमच्याकडे माणसांची आवड आहे असं म्हणतात.

तर दर बुधवारी, जेवणानंतर लगेच, तळमजल्यावरच्या जुन्या वर्गात. तिथे खिडकी उघडली तर धोबीखान्याची वाफ येते आणि मिटली तर पोरं झोपतात. मी खिडकी उघडी ठेवते. तिसऱ्या वर्षाची पोरं आहेत, नुकती वॉर्डात यायला लागलीयेत. गळ्यातला स्टेथोस्कोप अजून दागिन्यासारखा घालतात.

पहिल्या तासाला मी विचारलं, “वॉर्डात मोठे डॉक्टर चुकतायत असं तुम्हाला वाटलं, तर काय कराल?”

मग मागच्या बाकावरून आवाज आला, “सुट्टी टाकू.”

सगळे हसले. मीही हसले, कारण माझ्या तरुणपणी मीही तेच केलं असतं. मग दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. दात जरासे पुढे, वेणी घट्ट, चेहरा भांडायला आल्यासारखा. ती उठली की बाकीचे कण्हतात. तिला सगळे ‘शंका’ म्हणतात, कारण तिला ती प्रत्येक तासाला असते.

“बाई, पण ते चुकतायत हे आपल्यालाच नक्की माहीत नसेल तर?”

मी म्हटलं, “मग विचारायचं. विचारायला नक्की माहीत असावं लागत नाही.”

सगळ्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. ही पोरं काहीही उतरवून घेतात.

आईजवळच्या बाईंची जायची वेळ झाली. आटोपते.

तुझी,
ताई


३ मार्च, रविवार

प्रिय बारके,

तुझं उत्तर मिळालं. एवढा लांब कागद आणि त्यावर एकच ओळ, ‘आईला विचारलंस का?’

नाही विचारलं. काय विचारायचं? ती म्हणणार, तुम्ही दोघी ठरवाल ते. आजवर तिने दुसरं काही म्हटलंय का? तिला पेचात टाकून आपण मोकळ्या व्हायचं, हे मला पटत नाही. विषय संपला.

आज पत्र दुसऱ्याच कारणाने लिहितेय. या आठवड्यात हॉस्पिटलात जे झालं ते कुणाला तरी सांगायला हवं, आणि माझ्या ओळखीतले बाकी सगळे डॉक्टर आहेत.

आमच्या सर्जरीच्या वॉर्डात एक आजी आहेत. कापडगिरणीत मागावर आयुष्य गेलं. नवरा नाही, एक मुलगा आहे, तो बस चालवतो आणि पाळी संपली की गणवेशातच येऊन बसतो. आजींना जुना मधुमेह. पायाला जखम झाली, ती चिघळली, बोटं काळी पडली. पाय गुडघ्याखालून कापल्याशिवाय गत्यंतर नाही असं सर्जरीच्या प्रमुखांनी ठरवलं. त्यांना हॉस्पिटलात ‘तोफ’ म्हणतात. माणूस हाताने कुशल, तोंडाने दारूगोळा.

आता पाय कापायचा तर संमती हवी. वॉर्डातल्या डॉक्टरांनी आजींना विचारलं, तर आजी भलतंच बोलायच्या. “आज वार कोणता?” विचारलं की “हो, दुखतंय ना,” म्हणायच्या. “तुम्ही कुठे आहात?” विचारलं की हसून मान डोलवायच्या. तेव्हा मला बोलावणं आलं. आजींचं डोकं ठिकाणावर आहे का ते बघून लिहा, म्हणून.

मी गेले. आमच्या त्या वॉर्डात जखमा वाहणाऱ्या, म्हणून तोंडाला मास्क लावल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. मी तेच प्रश्न विचारले, तशीच उत्तरं आली. तापही होता. तापात, मधुमेहात, या वयात असं होतं, शेकडो वेळा पाहिलंय. खाटेजवळ बसलेसुद्धा नाही. उभ्या उभ्या लिहिलं : संभ्रमावस्था, संमती देण्यास असमर्थ. सही केली. मग मुलाने संमतीवर सही केली. मी तोवर पुढच्या वॉर्डात पोचले होते.

शंकाची पाळी त्याच वॉर्डात लागलीय. शुक्रवारी ती आजींच्या खाटेशी बसून त्यांचा सगळा इतिहास लिहून घ्यायचा प्रयत्न करत होती आणि तिच्याही हाती काही लागत नव्हतं. कंटाळून ती खिडकीपाशी गेली, मास्क खाली ओढून पाणी प्यायली, आणि खाटेकडे बघत स्वतःशीच पुटपुटली, “आता काय लिहू मी सरांना?”

खाटेवरून उत्तर आलं, “लिही, म्हातारी खमकी आहे.”

पोरगी ठसकली. मागावर आयुष्य काढलेल्या बायका आहेत त्या, बारके. तिथल्या खडखडाटात शेजारणीचं ओरडणंही ऐकू येत नाही, तेव्हा त्या एकमेकींचे ओठ वाचून गप्पा मारतात. आजींचे कान कधीच गेलेत. ओठांवर सगळा कारभार चाललाय आणि तो इतका बेमालूम की मुलालाही पत्ता नाही. त्याला वाटायचं, आई हल्ली जरा दुर्लक्ष करते. आणि आम्ही सगळे शहाणे तोंडं झाकून तिच्यासमोर उभे राहत होतो, आणि ती बिचारी डोळ्यांवरून अंदाज बांधून ‘हो, दुखतंय’ म्हणत होती.

शंका तास-दीड तास तशीच बसली, मास्क हनुवटीवर ओढून. आजींनी तिला वार सांगितला, तारीख सांगितली, गिरणीतल्या मुकादमाची नक्कल करून दाखवली. पायाचं विचारल्यावर म्हणाल्या, “उद्या मोठी मलमपट्टी आहे ना? मुलगा काहीतरी लपवतोय माझ्यापासून.”

पाय जाणार हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं होतं सगळ्यांनी, तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

पोरगी धावत माझ्या खोलीत आली. आणि इथे मी काय केलं ते सांगते. मी बॅग भरत होते. घरच्या बाईंचा फोन आला होता, त्यांना लवकर निघायचं होतं. आई एकटी राहिली असती. शंका दारातूनच बोलायला लागली, धाप लागलेली, अर्धं मला कळलं, अर्धं नाही. मी म्हटलं, “उद्या बघू.”

“बाई, उद्या सकाळी पहिली केस त्यांचीच आहे.”

“मग प्रमुखांशी बोल.”

“बाई, मी?”

“बुधवारी मी काय शिकवते?” असं म्हणून मी दिवा बंद केला. मला वाटलं ती घाबरून गप्प बसेल. खरं सांगायचं तर तिने गप्प बसावं असंच मला वाटत होतं.

ती बसली नाही. सकाळी ऑपरेशन थिएटरच्या बाहेर आजींचा स्ट्रेचर आला तेव्हा ती तिथे आडवी उभी होती. तोफ हात धुवायला निघालेले. मी नंतर दोघा-तिघांकडून ऐकलं, सगळ्यांचं एकच आहे.

“सर, आजींना ऐकू येत नाही. त्या भ्रमिष्ट नाहीत. त्यांना कुणी विचारलेलं नाही.”

“तू कितव्या वर्षाला?”

“तिसऱ्या, सर.”

“तीन वर्षांत तोंड बंद ठेवायला कुणी शिकवलं नाही?”

“नाही सर. उघडायला शिकवलं. बुधवारी.”

मग तोफांनी मला बोलावलं. “तुमची विद्यार्थिनी माझं थिएटर अडवून उभी आहे. वर या.”

मी गेले. जिन्यात दोनदा थांबले, एकदा दम लागला म्हणून आणि एकदा नुसतीच. वर स्ट्रेचरवर आजी, बाजूला गणवेशातला मुलगा, समोर तोफ, आणि ती पोरगी भिंतीला टेकून, पांढरीफटक. सगळे माझ्याकडे बघत होते. मी खाली वाकले आणि मास्क काढला.

आजींनी माझा चेहरा नीट निरखला. म्हणाल्या, “त्या दिवशी तुम्हीच आला होतात ना? तेव्हा नुसते डोळे दिसले. डोळे फार थकलेले होते.”

मी सावकाश विचारलं, “आजी, तुमच्या पायाचं काय करणार आहेत, माहीत आहे?”

“तुम्ही सांगा.”

मी सांगितलं. सगळं. पाय ठेवला तर काय, कापला तर काय. त्यांनी मधे एकदाही नजर माझ्या ओठांवरून हलवली नाही. मग त्या मुलाकडे वळल्या.

“तुला माहीत होतं?”

तो बस चालवणारा धिप्पाड माणूस मास्क खाली ओढून तिच्यासमोर वाकला. “आई, तुला सांगितलं होतं गं मी. तू मान हलवलीस.”

“पाठमोरा असशील,” आजी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, “आज नको. मला विचार करू द्या.”

तोफांनी हातातला टॉवेल बादलीत फेकला आणि म्हणाले, “पुढचा रुग्ण घ्या.”

माझा निष्कर्ष चुकला होता, हे तिथे सगळ्यांना समजलं. घरी येऊन आईला भात कालवून दिला आणि तशीच बसून राहिले. तिने विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.”

ताई


१७ मार्च, रविवार

प्रिय बारके,

तू फोन केलास तो मी घेतला नाही. हॉस्पिटलात होते. नंतर करता आला असता, केला नाही.

मागचं पत्र वाचून तुला वाटलं असेल, चला, छान झालं, पोरगी जिंकली. तसं झालं नाही.

आजींनी दोन दिवस घेतले. शंकाने त्यांना कृत्रिम पायांच्या कार्यशाळेतून एक पाय आणून दाखवला, त्यांनी तो उलटा-सुलटा करून शिवण तपासावी तसा तपासला. “दुसऱ्या मजल्यावर राहते मी. जिना चढता येईल?” विचारलं. सवयीने येईल, असं उत्तर मिळालं. “पडले तर?” पडाल, मग उठाल, असंही. हे सगळं खरं सांगितलं म्हणून त्या तयार झाल्या. संमतीवर स्वतः सही केली, मुलाची सही असलेला आधीचा कागद फाडायला लावला, आणि मुलाला म्हणाल्या, “आता तू रडू नकोस, गाडी चालवायचीय तुला.”

पण त्या दोन दिवसांत सडणं वर सरकलं होतं. तोफांनी टेबलावर पाहिलं आणि पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. गुडघा राहिला तर माणूस बरंच चालतं, बारके. गुडघा गेला की सगळंच अवघड होतं.

बाहेर येऊन तोफ सरळ शंकासमोर उभे राहिले. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, “बुधवारी आहेस ना तू? गुडघा गेला म्हणून सांग वर्गात.”

दोन दिवस आधी कापला असता तर गुडघा वाचला असता का? कदाचित. कदाचित त्याच दिवशी आतून सगळं खराब झालेलं असेल. मला माहीत नाही. तोफांनाही माहीत नाही, पण गुडघा वाचला असता असं त्यांना वाटतंय, आणि ते खोटं बोलणाऱ्यातले नाहीत.

शंका दोन दिवस आलीच नाही. तिसऱ्या दिवशी मीच तिला हाताला धरून वॉर्डात नेलं. आजी उशीला टेकून बसल्या होत्या, चेहरा ओढलेला, पण जाग्या. शंकाने मास्क हनुवटीवर ओढला, खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली आणि दोन्ही हातांत तोंड लपवून ढसाढसा रडायला लागली. “माझ्यामुळे गेला, आजी, माझ्यामुळे...”

आजी जरा पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, “हात काढ तोंडावरून. काय बोलतेस ते कळत नाही.”

तिने हात काढले आणि पुन्हा तेच म्हटलं, नाक ओढत.

“पाय माझा,” आजी म्हणाल्या. “दोन दिवस मी मागितले. तू कुठे मागितलेस? माझं ते माझ्याकडे राहू दे. आणि काय गं, मला न विचारता कापून जाग आल्यावर मी खाली बघितलं असतं तर? तेव्हा कुणाला धरलं असतं मी? त्या पोराला? जन्मभर तोंड बघितलं नसतं त्याचं.” मग दमल्या, डोळे मिटले, पुन्हा उघडले. “दुखतंय मात्र फार. नसलेल्या बोटांत दुखतंय. हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याबद्दल रड हवं तर.”

मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, पाण्याच्या टाक्या नुसत्या.

गुरुवारी अधिष्ठात्यांकडे बैठक झाली. तोफांची तक्रार होती की विद्यार्थिनीने शिस्त मोडली, लेखी माफी मागावी, नाहीतर वर्षाची हजेरी कापावी. हजेरी कापली की परीक्षेला बसता येत नाही, वर्ष गेलं. शंकाला बाहेर बाकावर बसवलं होतं. मी आत जाताना ती म्हणाली, “बाई, मी माफी मागून टाकते. घरी कळलं तर मला परत बोलावतील.” तिच्याशी बोलायला हवं होतं, पण आत काय बोलायचं याचीच जुळवाजुळव चालली होती डोक्यात.

आत अधिष्ठाते मवाळपणे म्हणाले, “बाई, मुलगी हुशार आहे, चार ओळी लिहून द्यायच्या, संपलं.”

मी म्हटलं, “मग दोन माफीनामे लागतील. तिने रस्ता अडवला त्याचा एक. मी उभ्या उभ्या बघून चुकीचं लिहिलं, त्याचा दुसरा. आणि ती आदल्या संध्याकाळी माझ्याकडे आली होती. मी तिला ऐकून न घेता पाठवलं. तेव्हाच मी यांना फोन केला असता तर थिएटरच्या दारात काही घडलंच नसतं, आणि कदाचित एक दिवसही वाचला असता. माझा आधी घ्या. तो घेतल्यावर तिचा घ्यायची गरज वाटली, तर घ्या.”

अधिष्ठात्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांना असलं काही टेबलावर आलेलं आवडत नाही.

तोफ इतका वेळ छताकडे बघत होते. ते म्हणाले, “तुमचा कागद बघून मी मुलाची सही घेतली.”

“हो.”

“मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवतो, बाई. इथे दुसऱ्या कुणावर ठेवत नाही.”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग ते उठले. “माफी नको. पण ती माझ्या वॉर्डात नको. मला तिच्याकडे बघून काम करता येणार नाही.” आणि गेले. मी त्यांच्यामागे जिन्यापर्यंत गेले, पण हाक मारली नाही. पंचवीस-तीस वर्षं एकत्र काम केलंय आम्ही.

तर शंका आता बालरोग विभागात आहे. वर्ष वाचलं. बुधवारचा तास ऐच्छिक केलाय, म्हणजे ज्याला यायचं त्याने यावं. गेल्या बुधवारी सहा जण आले. मी त्यांना गुडघ्याचं सांगितलं. बाजू घेतल्यावर गोष्टी बऱ्या होतात असं मी शिकवलं असेल तर ते विसरा, असंही सांगितलं. सुट्टी टाकणारा मुलगा आला होता. तो म्हणाला, “मग बाई, कशासाठी?” मी म्हटलं, “आजींना विचार.” तो खरंच गेला विचारायला. काय उत्तर मिळालं त्याने सांगितलं नाही, पण आता रोज त्यांना खुर्चीत बसवून व्हरांड्यात फिरवतो.

आणि एक. तुला लिहिलं नव्हतं. जानेवारीत आई पडली. न्हाणीघरात. बाई निघून गेल्या होत्या आणि मी आले नव्हते. मार लागला नाही, पण मी येईपर्यंत ती जमिनीवर बसून होती. मी तुला लिहिलं, आई बरी आहे. बरी आहेच. पण हे लिहायला हवं होतं.

ताई


७ एप्रिल, रविवार

प्रिय बारके,

आईला विचारलं.

तुझ्यामुळे नाही, आणि आजींमुळेही नाही, म्हणजे थोडं त्यांच्यामुळे असेल. शुक्रवारी मी लवकर घरी आले. आई आरामखुर्चीत बसली होती आणि टीव्ही चालू होता, आवाज बंद. मी पर्स ठेवली, गोळ्यांचा डबा बघितला, स्वयंपाकघरात गेले, तिथूनच म्हटलं, “जेवलीस?” ती म्हणाली, “हो.” बरं म्हणून मी पातेली उघडली तर अन्न जसंच्या तसं होतं.

मी बाहेर आले आणि तिच्यासमोर स्टूल ओढून बसले. शेवटची अशी कधी बसले होते, आठवेना. आईचा चेहरा किती बारीक झालाय, बारके. रोज बघते मी, आणि मला दिसला नव्हता.

म्हटलं, “आई, बारकीचं पत्र आलं होतं. ती म्हणतेय, तू तिच्याकडे राहायला ये. तुला काय वाटतं?”

तिने ठरलेलं उत्तर दिलं, “तुम्ही दोघी ठरवाल ते.”

मी म्हटलं, “आम्ही नाही ठरवणार. तू सांग.”

ती टीव्हीकडे बघायला लागली. मी टीव्ही बंद केला. ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. मी उठले नाही. उठावंसं फार वाटत होतं, भांडी होती, फोन वाजत होता. बसून राहिले.

मग ती म्हणाली, “तुला राग येईल.”

“येऊ दे.”

“जाईन म्हणते.”

मला ऐकू आलं होतं, तरी मी विचारलं, “काय?”

“बारकीकडे जाईन म्हणते. तू वाईट ठेवलंस असं नाही गं. औषध, पाणी, सगळं वेळच्या वेळी. पण तू येतेस तीच दमून. मी काही बोलले की तुला वाटतं मला काहीतरी होतंय. नाडी बघतेस. मला नुसतं बोलायचं असतं.” मग हसली जराशी. “बारकी भांडते तरी माझ्याशी.”

बारके, हे वाचून तुला बरं वाटू दे, मी तुला तेवढं देणं लागते. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिणार होते, पण राहू दे. इतकी वर्षं तिच्या वतीने मी सगळ्यांना सांगत होते, तुलाही, की तिला मानवणार नाही. तिच्या वतीने बोलायची इतकी सवय झाली की तिलाच विचारायचं राहून गेलं.

मी विचारलं, “कायमची?”

ती म्हणाली, “ते तिथे गेल्यावर बघीन. ते आत्ताच ठरवू नकोस तू.”

मग तिला भूक लागली. आम्ही दोघी जेवलो. तिने गिरणीतल्या आजींचं सगळं विचारून घेतलं. मी कधी सांगितलंच नव्हतं तिला. मुकादमाची नक्कल ऐकून इतकी हसली की ठसका लागला, आणि मी नाडी बघायला हात पुढे केला तो मागे घेतला.

तर तू ये तिला न्यायला. एकटीने प्रवास झेपणार नाही तिला. शनिवारी निघालीस तर रविवारी सकाळी पोचशील, मला सुट्टीच असेल. चार दिवस राहा. तिच्या गोळ्या कशा द्यायच्या ते समजावून सांगेन, आणि रात्री तिला कुठल्या कुशीवर झोप लागते तेही. अर्थात ते तीच सांगेल तुला.

ती गेल्यावर मी घरी लवकर येऊन काय करणार आहे, मला माहीत नाही. काल तिचे कपडे वेगळे काढायला घेतले आणि दोन साड्यांनंतर थांबले. उरलेले तू आल्यावर काढू.

या वेळी स्टेशनवर येईन मी. तू उतरशील तेव्हाही, आणि तुम्ही दोघी निघाल तेव्हाही.

तुझी,
ताई